सहा लाख चाळीस हजारांची जर्मन सेडान: सांगलीतल्या एका गाडीचा दोन वर्षांचा हिशेब

गाडी २०१० सालची. जर्मन सेडान, तीन लिटरचं व्ही-सिक्स डिझेल इंजिन, सात गिअरची ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना हवेचं सस्पेन्शन. नवी असताना रस्त्यावर येईपर्यंत पन्नास लाखांच्या आसपास गेली असेल. २०२३ च्या सुरुवातीला सांगली मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यांनी ती पुण्याच्या पहिल्या मालकाकडून ६ लाख ४० हजारांना घेतली. मीटरवर १ लाख १८ हजार किलोमीटर होते आणि सर्व्हिसच्या नोंदींशी ते जुळत होते. म्हणजे व्यवहारात फसवणूक नव्हती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे बिघडलं त्यातलं बहुतेक वयानं आणि वापरानं बिघडलं. याच वयाची दुसरी कुठली जर्मन गाडी घेतली असती तरी यादी थोडीफार अशीच झाली असती.

या व्यापाऱ्यांना यार्डात सगळे अण्णा म्हणतात, त्यांची गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणून मीही तेच म्हणतो. अण्णांचं गणित साधं होतं. सहा-सात लाखांत नवी छोटी हॅचबॅक येते, त्याच पैशात ही येत असेल तर का सोडायची? या गाड्या एवढ्या स्वस्त का होतात, याला एक कारण दिल्लीतही आहे. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदीचे आदेश आले, तशा तिकडच्या गाड्या बाहेरच्या राज्यांत निघाल्या आणि देशभर जुन्या आलिशान डिझेलचे भाव बसले. पण मुख्य कारण बाजाराला पक्कं ठाऊक असतं. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. सहा लाखांच्या गाडीला लागणारा पंप पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो.

घेतल्यापासून वर्षभरात अण्णांनी काय काय केलं, ते त्यांनी जपून ठेवलेल्या बिलांवरून मला कळलं. व्यापारी माणूस, पावती टाकत नाही. नवी बॅटरी २८,००० रुपये. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दुरुस्त करून २२,०००. इंजिनच्या मागच्या बाजूनं ऑईल गळतं म्हणून गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील बदललं, ३८,०००. पुढच्या डाव्या बाजूची हवेची स्ट्रट, म्हणजे चाकावर गाडी तोलणारी रबरी पिशवी, कंपनीची नव्हे, बाहेरची, ६२,०००. दोन महिन्यांनी हवेचा कॉम्प्रेसर, ४५,०००. दिल्लीहून मागवलेलं एक वापरलेलं कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला एकेक विभाग सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, १८,०००. आणि गाडी बंद पडली म्हणून फ्लॅटबेडवर पुण्याला नेली-आणली, त्याचे १४,०००. एकूण २ लाख २७ हजार. एवढं होऊनही बॅटरी दर तीन-चार दिवसांनी उतरत होती, ऑईल गळतच होतं आणि डॅशबोर्डवर दिवाळी होती.

फ्लॅटबेडचं भाडं बघून अण्णांचा मुलगा म्हणाला होता, टोचन करून आणली असती तर हजारात काम झालं असतं. बरं झालं आणली नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला ऑईल पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद ठेवून, गिअरबॉक्सला जोडलेली चाकं जमिनीवर टेकवत गाडी लांब ओढली, तर गिअरबॉक्स आतून कोरडी फिरते. टोचनाचे हजार वाचले असते आणि गिअरबॉक्सचे लाख गेले असते.

गाडी सांगलीजवळच्या कुपवाडला माझ्या गॅरेजमध्ये आली ती २०२४ च्या पावसाळ्यानंतर. अण्णांची मागणी एका ओळीची होती: "मिस्त्री, बाकी काय बी करा, ही बॅटरी आन् हे दिवे एकदाचे इझवा."

आधीच्या ठिकाणी लावलेला स्कॅनर साधा होता. असे स्कॅनर इंजिनच्या बिघाडाचे, म्हणजे पी अक्षरानं सुरू होणारे कोड वाचतात. बॉडीचे बी, चॅसीचे सी आणि मॉड्यूल एकमेकांशी बोलत नसल्याचे यू, हे कोड त्यांना पूर्ण दिसतीलच असं नाही. या गाडीला साजेसा स्कॅनर लावल्यावर कोडांची रांगच लागली आणि त्यातले बहुतेक यू होते. इतके कोड दिसले की माणूस घाबरून एकेक भाग बदलत सुटतो. पण पन्नास भाग एकदम बिघडत नसतात. या गाडीचा कॉम्प्युटर प्रत्येक कोडसोबत तो किती किलोमीटरला आला तेही लिहून ठेवतो. कोड त्या आकड्याच्या क्रमानं लावले. सगळ्यांत जुना कोड सापडला तो दारं, काचा आणि आतले दिवे सांभाळणाऱ्या मॉड्यूलचा. बाकीची गर्दी त्यानंतरची.

मग बॅटरीकडे वळलो. गाडी कुलूप लावून सोडली की तिची मॉड्यूल एकेक करून झोपतात. अर्धा-पाऊण तास थांबलं की बॅटरीतून जाणारा करंट ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. त्यासाठी बोनेट उघडं असलं तरी त्याचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरनं बंद करून ठेवावं लागतं, नाहीतर गाडीला वाटतं कुणीतरी आहे, आणि ती जागीच राहते. इथे करंट १.२ अँपिअरच्या खाली उतरतच नव्हता. बॅटरी ९५ अँपिअर-अवरची. भागाकार केला तर साधारण ७९ तास, म्हणजे सव्वातीन दिवस. अण्णांची तक्रार जशीच्या तशी कागदावर उतरली. बॅटरी बरी होती, अल्टरनेटरही बरा होता. रात्रभर कुणीतरी जागं राहून बॅटरी खात होतं.

ते कोण, हे शोधायला बरेच जण फ्यूज एकेक उपसून बघतात. या पिढीच्या गाडीत ते जमत नाही. फ्यूज काढून परत बसवला की त्या ओळीवरचं मॉड्यूल पुन्हा जागं होतं आणि मोजमाप फसतं. म्हणून फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या दोन टोकांमधला मिलिव्होल्ट मोजायचा. करंट वाहत असेल तिथे थोडा का होईना व्होल्टेज दिसतो. तो दिसला त्याच मॉड्यूलच्या ओळीवर. तोवर डेटाच्या दोन तारांमधला रेझिस्टन्सही मोजून झाला होता. मॉड्यूल ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्या हाय-स्पीड कॅन लाईनवर, ती धडधाकट असेल तर, दोन टोकांना १२०-१२० ओहम असतात, त्यामुळे मधे ६० च्या आसपास दिसायला हवं. इथे आकडा डळमळत होता, आणि सीटपुढच्या भागावर हात दाबला की बदलत होता. हात दाबल्यावर आकडा बदलतो म्हटल्यावर स्कॅनर बाजूला ठेवला आणि पाना घेतला.

ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट वरून कोरडं ठणठणीत होतं. खालचा जाड फोम मात्र पिळून पाणी निघेल इतका भिजलेला. मॉड्यूल त्याच्या खालीच बसवलेलं, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या.

सांगलीत गाडीच्या तळाशी पाणी दिसलं की पहिली शंका महापुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्या पाण्यातल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्याच नाहीत असं कोण म्हणेल? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले. पुरातल्या गाडीत पट्ट्याच्या न दिसणाऱ्या भागावर गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांवर गंज नव्हता, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ नव्हता. पाणी वरून आलं होतं.

वायपरच्या खालचं प्लॅस्टिक काढल्यावर उत्तर मिळालं. अण्णांच्या विश्रामबागेतल्या बंगल्यासमोर गाडी कडुनिंबाखाली उभी असते. काचेवर पडणारं पावसाचं पाणी जिथे उतरतं त्या पन्हाळीच्या दोन्ही टोकांना रबरी नळ्या असतात, त्यांची तोंडं चपटी, आपोआप मिटणारी. निंबाच्या काड्या आणि धूळ यांचा लगदा होऊन दोन्ही बंद. पाणी साचून एसीच्या हवेच्या तोंडातून आत उतरायचं आणि कार्पेटखाली जिरायचं. सनरूफच्या चार नळ्यांपैकी पुढच्या दोनही तुंबलेल्या होत्या. एसीचा केबिन फिल्टर काढला तर तो पिवळाधमक. यार्डातली हळद. ते बघून अण्णांना मात्र हसू आलं.

मॉड्यूल बदललं नाही. अशा गाडीत मॉड्यूल त्या गाडीच्या चॅसी नंबराशी जोडलेलं असतं. दिल्लीहून आणलेलं वापरलेलं मॉड्यूल दुसऱ्या गाडीचा नंबर पोटात घेऊन आलं होतं, म्हणून ते कधी चाललंच नसतं. ते १८,००० रुपये पार्सल फोडायच्या आधीच बुडाले होते. जुन्याचाच बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ केला, खाल्लेल्या पिना बदलल्या, एक तुटलेला ट्रॅक जोडला, फोम बाहेर काढून उन्हात वाळवला, नळ्या मोकळ्या केल्या. सगळं मिळून २४,०००. करंट खाली आला, यू कोड गेले, आणि अण्णांनी बदललेली ती २८ हजारांची बॅटरी आजही चालते आहे.

ऑईलच्या गळतीचा प्रकार वेगळा, पण गफलत तीच. ऑईल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकत होतं, म्हणून आधीच्यांनी क्रँकचं मागचं सील बदललं. महिन्याभरात पुन्हा टपकायला लागलं. ज्या व्ही-सिक्स डिझेलमध्ये ऑईल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत, टर्बोच्या खाली बसवलेला असतो, तिथे गळती सुरू झाली की तेल आधी खोबणीत साचतं, मग मागच्या बाजूनं ओघळतं आणि थेट सांध्यावर येऊन थेंब धरतं. खालून बघणाऱ्याला ते सीलच वाटणार. ऑईलमध्ये रंगद्रव्य घालून इंजिन चालवलं, रात्री निळ्या दिव्याखाली पाहिलं. खोबण चमकत होती, क्रँकचं सील कोरडं होतं.

कूलरखाली रबराची सीलं असतात. तेलाच्या आणि टर्बोच्या उष्णतेनं वर्षांनुवर्षं भाजून ती कडक होतात. किंमत मामुली. पण तिथवर पोचायला टर्बो, इंजिनात हवा नेणारं इनटेक मॅनिफोल्ड, पाईप, सगळं वरून उतरवावं लागतं. गास्केट, ऑईल, कूलंट, मजुरी धरून ४८,००० झाले. अण्णांनी सील हातात घेऊन बराच वेळ बघितलं. "ह्या रबरापायी?" एवढंच म्हणाले.

इंजिन वरून उघडलंच होतं, म्हणून आणखी एक गोष्ट दिसली. इनटेकमधल्या हवेच्या झडपा फिरवणारी छोटी मोटर असते. टर्बोच्या तोंडावरचं रबर सैल झालं की क्रँककेसमधली तेलाची वाफ तिथून झिरपते आणि नेमकी या मोटरवर टपकते. मोटर मरते, इंजिन आपली ताकद रोखून धरतं. कुणीतरी आधीच इलाज केलेला होता: मोटरचं कनेक्टर काढून त्यात एक साडेचार-पाच किलो-ओहमचा रेझिस्टर खोचला होता. कॉम्प्युटरला वाटतं मोटर जागेवर आहे, दिवा विझतो. हा जुगाड जगभर चालतो आणि अडल्या वेळी घरी पोचवतोही. पण विकायला काढलेल्या गाडीत तो सापडला की दिवा कुणासाठी विझवला होता, हा प्रश्न मनात येतोच. मोटर आणि रबर बदलून २७,०००.

हवेच्या सस्पेन्शनवर जास्त लिहायची गरज नाही. रबरी पिशव्यांना दहा-बारा वर्षांत भेगा पडतात आणि रात्रभर उभी गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. अण्णांच्या गाडीचा डावा पुढचा कोपरा असा कित्येक महिने बसत होता. इंजिन सुरू केलं की वर यायची, म्हणून चालून जात होतं. तेवढ्या काळात कॉम्प्रेसर फुटक्या टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटारीसारखा राबला आणि जळाला. पिशवी वेळेत बदलली असती तर ४५,००० वाचले असते. उजवी बाजू माझ्याकडे गळताना सापडली, साबणाच्या पाण्यानं लगेच दिसली, ६२,००० ला बदलली, कॉम्प्रेसर वाचला. पुढच्या आर्मचे बुश ३१,००० ला गेले. बुश आणि टायरच्या बाबतीत दोष कुणाचा म्हणाल तर सांगलीहून पेठ नाक्यापर्यंतच्या जुन्या रस्त्याचा. चार टायर ५६,०००; जुन्यांवर नक्षी भरपूर होती, पण बाजूचा चार आकडी शिक्का त्यांचं वय सांगत होता आणि कडेला भेगा होत्या.

गिअरबॉक्सचं ऑईल कधीच बदललेलं नव्हतं. कागदपत्रांत ते आयुष्यभराचं असल्याचा समज करून दिलेला असतो. कुणाचं आयुष्य, गाडीचं की वॉरंटीचं, हे कुणी विचारत नाही. झेडएफ ही कित्येक जर्मन गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी कंपनी स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑईल बदला म्हणते. फिल्टरसकट बदललं, २४,०००.

माझ्याकडचा आकडा २ लाख ७२ हजार. आधीचा धरून ४ लाख ९९ हजार. या दोन वर्षांत गाडी चालली साधारण १४ हजार किलोमीटर. म्हणजे नुसता दुरुस्तीचा खर्च किलोमीटरला पस्तीस रुपयांच्या वर. गावात ही गाडी लिटरला दहा देते, डिझेल नव्वदीच्या पुढे, म्हणजे डिझेलचे किलोमीटरला नऊ-साडेनऊ. ऍव्हरेज काय देते हे विचारूनच लोक ही गाडी घेतात किंवा सोडतात, आणि या हिशेबात ऍव्हरेजचं वजन सगळ्यांत कमी आहे.

त्या पाच लाखांतले बॅटरी, अल्टरनेटर, क्रँकचं सील, दिल्लीचं मॉड्यूल, पुण्याची फेरी आणि कॉम्प्रेसर मिळून १ लाख ६५ हजार होतात. ते चुकीच्या अंदाजावर किंवा उशिरावर गेले. गाडीला खरंच लागलेला खर्च ३ लाख ३४ हजार, तोही किलोमीटरला चोवीसच्या घरात. हा आकडा कितीही हुशारीनं वागलं तरी टळला नसता, फार तर पुढे-मागे झाला असता. आणि सांगलीत तो वाया गेलेला पहिला आकडा मोठा का होतो, तर स्कॅनर नाही, माहितीचा माणूस नाही, म्हणून गाडी एका दारातून दुसऱ्या दारात जाते आणि प्रत्येक दारात काहीतरी बदलून घेते. कंपनीच्या वर्कशॉपला न्यावी तर घाट उतरून पुणं गाठायचं, तिथे तीच मॉड्यूल नवी घ्या म्हणतात आणि त्या कोटेशनमध्ये एखादी जुनी मारुती बसते.

विमा हा अण्णांनी कधी न वाचलेला भाग. दीड हजार सीसीवरच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ताच २०२२ च्या दरानं वर्षाला ७,८९७ रुपये. एवढ्या जुन्या गाडीला झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापता पैसे देणारा विमा, सहसा कुणी देत नाही, आणि साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, बॅटरी, टायर यांचे निम्मेच पैसे मिळतात. पुढचा बंपर आणि हेडलाईट यांतच या गाडीत किती प्लॅस्टिक आहे, ते बघा.

अण्णांच्या साडूंना आता अशीच एक गाडी घ्यायची आहे आणि ते माझ्याकडे विचारायला आले होते. मी त्यांना कंपनीपेक्षा साल आधी बघायला सांगितलं. मर्सिडीजच्या २००२ साली आलेल्या ई-क्लासमध्ये पेडल आणि ब्रेक यांच्यामध्ये कॉम्प्युटरनं चालणारी एसबीसी नावाची यंत्रणा होती. २००४ मध्ये त्यापायी लाखो गाड्या परत बोलावाव्या लागल्या आणि २००६ च्या सुधारित गाडीत साधे हायड्रॉलिक ब्रेक परत आले. तेव्हा त्या गाडीत २००५ आणि २००७ हे दोन वेगळे सौदे आहेत. बीएमडब्ल्यूच्या २००७ पासूनच्या एन-४७ डिझेल इंजिनमध्ये झडपांची वेळ सांभाळणारी टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला आहे. चेन वाजायला लागली तर तिथवर पोचण्यातच काम मोठं होतं. रंग आणि सनरूफ बघण्याआधी थंड इंजिन सुरू करून चेनचा आवाज ऐकावा, आणि गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही कोपरे टेपनं मोजावेत. विकणारा रात्रभर ठेवायला तयार नसेल तर तेही उत्तरच.

अण्णांची गाडी चालू आहे. घर ते यार्ड हे अंतर एवढं छोटं की इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, आणि धूर पुन्हा इंजिनात वळवणारी ईजीआर झडप नि इनटेक यांत काजळी धरते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी कोल्हापूरपर्यंत मोकळ्या रस्त्यानं न्यायला सांगितलंय. जोतिबाचं दर्शन आपोआप होतंय, असं अण्णांच्या घरच्यांचं म्हणणं. गाडी निंबाखालून हलवली आहे, पण शेजाऱ्यांच्या फाटकासमोर, त्यामुळे तोही प्रश्न सुटला म्हणता येत नाही.

नोंदणीची पंधरा वर्षं २०२५ च्या अखेरीस संपणार होती. फॉर्म २५, फिटनेस, २०२२ पासून गाडीला ५,००० झालेली नूतनीकरणाची फी आणि वर पर्यावरण कर. मुलाचं मत होतं की या निमित्तानं स्क्रॅपला द्यावी. अण्णांनी हिशेब मांडला: आता विकली तर दोन-अडीच लाख येतील, आणि त्यात घातलेले पाच लाख घेणाऱ्याच्या घशात जातील. एवढं सगळं नवं घालून ती दुसऱ्यानं का फिरवायची? व्यापाराच्या दृष्टीनं हा तर्क चुकीचा आहे. घातलेले पैसे गेले, पुढच्या खर्चाचाच विचार करायला हवा, हे हळदीच्या भावात अण्णा मला शिकवतात. गाडीच्या बाबतीत त्यांना ते पटलं नाही. पाच वर्षांचं नूतनीकरण करून घेतलं. मागच्या दोन स्ट्रट अजून मूळच्याच आहेत, त्यांच्यासाठी दर महिन्याला पाच हजार बाजूला टाकायचं ठरलंय, आणि दर अमावास्येला यार्ड बंद असतं त्या दिवशी मुलगा टेप घेऊन चारही कोपऱ्यांची उंची वहीत लिहितो.